मनोविश्लेषणाची जन्मभूमि

न्यूनगंड, सुप्त इच्छा, दडपलेल्या भावना हे शब्द आतां सुशिक्षित घरांतल्या रोजच्या बोलण्यांत इतके रुळले आहेत कीं, ते कोणीं आणि केव्हां घडविले याची आठवणहि कोणास होत नाहीं. परीक्षेंत मागें पडलेल्या मुलाला न्यूनगंड आहे, असें त्याची आत्या सहज म्हणून जाते. चार माणसांत फार मोठ्यानें बोलणाऱ्या गृहस्थाच्या मनांत कांहींतरी दडलेलें असावें, असा निर्वाळा शेजारी देतात. जणूं काय हीं मनाचीं इंद्रियेंच, आणि यकृत किंवा प्लीहा यांप्रमाणें तीं सर्व देशांत व सर्व काळीं सारखींच असावयाचीं! वस्तुतः या कल्पना एका विशिष्ट शहरांत, सुमारें चाळीस वर्षांच्या अवधींत, ठराविक प्रकारच्या माणसांच्या दुखण्यांतून जन्मास आल्या. तें शहर व्हिएन्ना, आणि तो काळ साधारणतः १८९० पासून १९३० पर्यंतचा.

सिग्मंड फ्रॉइडला हें म्हणणें रुचलें नसतें. आपण निसर्गाचे नियम शोधीत आहों, व्हिएन्नाची बातमी लिहीत नाहीं, अशी त्याची श्रद्धा होती. मनोविश्लेषण हें व्हिएन्नाच्या हवेचें फळ आहे, असा आक्षेप त्याच्या हयातींतच निघाला होता. १९१४ सालीं आपल्या चळवळीचा इतिहास लिहितांना त्यानें त्याचा उपहास केला आहे. त्याचा राग अगदींच अस्थानीं नव्हता. एखाद्या विचाराचें गांव सांगितलें म्हणजे तो विचार खोटा पडतो असें नाहीं. न्यूटनचें गांव सांगून फळें झाडावरून पडावयाचीं थांबत नाहींत. परंतु व्यक्तिमत्त्वाचा सिद्धांत आणि गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत यांत एक मोठा भेद आहे. आपल्याविषयीं काय ठरविलें गेलें हें दगडाला कळत नाहीं. माणसाला तें कळतें, आणि वैद्याच्या खोलींत त्यावरून त्याच्या बोलण्याचा खरेंखोटेंपणाहि ठरविला जातो. म्हणून गांवाची चौकशी करावी लागते.

फ्रॉइडचा जन्म ६ मे १८५६ रोजीं मोराव्हिया प्रांतांतील फ्रायबर्ग या लहान गांवीं झाला. बाप लोंकरीचा व्यापारी, यहुदी. १८६० मध्यें कुटुंब व्हिएन्नास आलें व लेओपोल्डस्टाट या यहुद्यांच्या दाट वस्तींत राहूं लागलें. १८६७ च्या राज्यघटनेनें ऑस्ट्रियांतील यहुद्यांस समान नागरी हक्क दिले. त्या दिवसांत प्रत्येक उद्योगी यहुदी मुलगा मंत्र्याचें दप्तर घेऊनच शाळेंत जात असे, अशा अर्थाचें फ्रॉइडनें पुढें लिहून ठेवलें आहे. त्याच पुस्तकांत त्यानें दुसरीहि एक आठवण सांगितली आहे. तो दहाबारा वर्षांचा असतां फिरावयास गेले वेळीं वडिलांनीं आपल्या तरुणपणची हकीकत सांगितली: एका ख्रिस्ती इसमानें त्यांची नवी केसाळ टोपी उडवून चिखलांत फेंकली आणि पायवाटेवरून खालीं उतरण्यास फर्माविलें. मुलानें विचारलें, मग तुम्हीं काय केलें? वडील शांतपणें उत्तरले, रस्त्यांत उतरलों आणि टोपी उचलली. मुलाच्या मनांतून तें उत्तर कधींच गेलें नाहीं.

पुढें काळ पालटला. यहुदीद्वेषाचा उघड पुकारा करून कार्ल लुएगर नगरपित्याच्या निवडणुकी जिंकूं लागला; बादशहानें त्याची नेमणूक वारंवार नाकारली, पण १८९७ च्या एप्रिलमध्यें अखेर त्यास मान्यता द्यावी लागली. १८८५ पासून विद्यापीठांत अध्यापनाचा अधिकार मिळालेल्या फ्रॉइडला प्राध्यापक ही पदवी मिळण्यास १९०२ साल उजाडलें. आपल्या संशोधनाचा सर्वांत महत्त्वाचा भाग त्यानें याच वर्षांत, बहुतेक एकाकी अवस्थेंत, सिद्ध केला. इतिहासकार कार्ल शॉर्स्के यांचें व्हिएन्नाविषयींचें पुस्तक १९८१ सालीं पुलित्झर पारितोषिक मिळवून गेलें. त्यांत त्यांनीं असें मत मांडलें आहे कीं, राजकारणांत ज्यांस वाट उरली नव्हती त्यांपैकीं एकानें राजकारणाचें सारें नाट्य मनाच्या रंगभूमीवर नेलें, आणि राजा व प्रजा यांचा झगडा बाप व मुलगा यांच्या झगड्यांत विरघळवून टाकला. हें मत सबंध गिळण्याचें कारण नाहीं. बापाविषयींचा अपेक्षाभंग जगांत सगळीकडेच होतो आणि त्यासाठीं लुएगरची गरज पडत नाहीं. तथापि मनाचा कारभार सांगण्यासाठीं फ्रॉइडनें जी भाषा वापरली, तिच्यावर त्या राज्यव्यवस्थेचा शिक्का स्पष्ट दिसतो. नेणिवेंतील इच्छा जाणिवेंत येऊं पाहते, आणि दारावर एक सेन्सॉर बसलेला असतो! १८९७ च्या डिसेंबरांत एका मित्रास लिहितांना त्याला रशियाच्या सरहद्दीवर काळी शाई फांसलेलीं परदेशी वर्तमानपत्रें आठवलीं. स्वप्नांवरील ग्रंथांत त्यानें असा दाखला दिला कीं, सत्ताधाऱ्यांना कटु सत्य सांगूं पाहणारा लेखक दोन चिनी मंडारिनांच्या भांडणाची गोष्ट सांगतो, आणि रोख मात्र स्वदेशीच्या अधिकाऱ्यांवर असतो. स्वप्नहि असेंच वेष पालटून येतें. ज्या महाराष्ट्रीय प्रेक्षकांनीं १९०७ सालीं ‘कीचकवध’ नाटकांत कीचकाच्या जागीं लॉर्ड कर्झन पाहिला, त्यांना ही उपमा समजावून सांगण्याची जरुरी पडली नसती.

या सेन्सॉरच्या मागें जें यंत्र चालतें, त्याची घडण निराळ्या जागीं झाली. १८७६ ते १८८२ हीं वर्षें फ्रॉइडनें अर्न्स्ट ब्रुक्के याच्या शरीरशास्त्राच्या प्रयोगशाळेंत काढलीं. ब्रुक्के व त्याचे बर्लिनमधील मित्र यांनीं तरुणपणींच असा निश्चय केला होता कीं, सजीव देहांत भौतिक व रासायनिक शक्तींवांचून दुसरी कोणतीहि गूढ शक्ति मानावयाची नाहीं. त्यांतलाच एक हेल्महोल्ट्स. यानें १८४७ सालीं शक्तीच्या अक्षय्यत्वाचा सिद्धांत मांडला. शक्ति नष्ट होत नाहीं, ती रूप तेवढें बदलते. वाफेच्या यंत्रांच्या त्या युगांत याहून पटणारी गोष्ट दुसरी कोणती असणार? फ्रॉइडचें मन याच नियमानें चालतें. कामप्रेरणा ही एक मोजकी शक्ति. तिची एक वाट बुजविली कीं ती दुसरीकडून फुटते, आणि त्या फुटण्यालाच आजार म्हणावयाचें. प्रयोगशाळेंत पगाराची जागा मिळण्याचा संभव नव्हता, लग्न ठरलें होतें आणि हातीं पैसा नव्हता, म्हणून हा मनुष्य नाइलाजानें मज्जाविकारांचा डॉक्टर झाला. यंत्राची कल्पना मात्र तो बरोबर घेऊन आला, आणि ती आतां त्याला माणसांना लावून पाहावयाची होती.

हीं माणसें कोण? बहुतांशीं सुखवस्तु घरांतील, आणि त्यांत स्त्रिया पुष्कळ. मनोविश्लेषणाची पहिली रोगी म्हणून जिची गणना होते ती बर्था पॅपनहाइम फ्रॉइडकडे नव्हे, तर त्याचा वडील मित्र ब्रॉयर याच्याकडे १८८० पासून १८८२ पर्यंत उपचार घेत होती. आजारी बापाची शुश्रूषा करतां करतां तिचा हात लुळा पडला, मातृभाषा विसरली, ती फक्त इंग्रजी बोलूं लागली. मनांतलें बोलून टाकलें कीं लक्षण ओसरतें, हा शोध डॉक्टरांइतकाच तिचा होता. ‘बोलण्याचा उपचार’ हें नांवहि तिचेंच. ब्रॉयरनें प्रामाणिकपणें नमूद केलें आहे कीं, या मुलीची बुद्धि असामान्य होती आणि तिचें आयुष्य अत्यंत एकसुरी होतें. व्हिएन्ना विद्यापीठानें स्त्रियांस तत्त्वज्ञान शाखेंत १८९७ सालीं आणि वैद्यक शाखेंत १९०० सालीं प्रथम प्रवेश दिला. म्हणजे ती आजारी पडली तेव्हां हीं दारें बंदच होतीं. पुढें सिद्धांत रचला गेला तो कोंडलेल्या भावनेचा. कोंडणाऱ्या दाराचा उल्लेख रोग्याच्या टिपणांत राहिला आणि सिद्धांतांतून गळाला. बर्थानें स्वतः १९०४ सालीं जर्मनींत यहुदी स्त्रियांची संघटना काढली व पुढील आयुष्य तिच्यांत वेचलें.

याहून बोलकें प्रकरण १९०० सालच्या ऑक्टोबरांत फ्रॉइडपुढें आलें. एका श्रीमंत गिरणीमालकानें आपल्या अठरा वर्षांच्या मुलीला, इडा बाऊअर हिला, त्याच्याकडे आणून सोडलें. हिला जरा शुद्धीवर आणा, अशी त्याची विनंति. फ्रॉइडनें तिची हकीकत ‘डोरा’ या टोपण नांवानें १९०५ मध्यें प्रसिद्ध केली. बापाचा एक स्नेही होता. त्याच्या बायकोशीं बापाचे संबंध होते. त्या स्नेह्यानें या मुलीला, ती लहान असतांना, दुकानांत एकटी गांठून मिठी मारून चुंबन घेतलें, आणि पुढें एका सरोवराच्या कांठीं तिच्याजवळ प्रेमयाचना केली. तिनें त्याच्या थोबाडींत मारली आणि घरीं येऊन आईला सांगितलें. स्नेह्यानें कानांवर हात ठेवले. ही मुलगी नको तीं पुस्तकें वाचते, तिच्या कल्पनेचे हे खेळ, असें तो म्हणाला. बापानें त्याच्यावर विश्वास ठेवला. मुलीला कळून चुकलें कीं, आपल्या बायकोकडे काणाडोळा करणाऱ्या माणसाला आपण मोबदला म्हणून दिल्या गेलों आहोंत.

येथें फ्रॉइडची योग्यता आणि मर्यादा एकाच वेळीं दिसते. तिची हकीकत त्यानें खरी मानली. व्हिएन्नांतील दुसऱ्या कोणत्या प्रतिष्ठित डॉक्टरानें बापाच्या शब्दाविरुद्ध मुलीचा शब्द घेतला असता, आणि तिच्याशीं या विषयावर आडपडद्याशिवाय बोलला असता? पण हकीकत खरी मानूनहि त्यानें तिचा राग खरा मानला नाहीं. दुकानांतल्या त्या प्रसंगीं तिला किळस आली. निरोगी मुलीला तेव्हां सुखद उत्तेजना वाटली असती, म्हणून किळस हेंच आजाराचें लक्षण, असें त्यानें लिहिलें. तिचा नकार हा दडपलेल्या होकाराचा वेष ठरला. जी बाई घराबाहेरच्या व्यवहाराविषयीं तक्रार करीत होती, तिला सांगण्यांत आलें कीं, दोष तुझ्या आंतल्या यंत्रांत आहे. सेन्सॉरची उपमा ज्यानें शोधली, त्याला येथें कोणाच्या बोलण्यावर काळी शाई फिरत आहे हें दिसलें नाहीं! आणि उपचाराचा खर्च बाप देत होता, हीहि गोष्ट अगदींच क्षुल्लक नव्हे. अकरा आठवड्यांनंतर, ३१ डिसेंबरला, इडानें उपचार सोडले. १९०२ च्या एप्रिलमध्यें ती एकदां येऊन भेटली, तेव्हां तिनें सांगितलें कीं, आपण त्या जोडप्याला जाऊन जाब विचारला. बायकोनें संबंध नाकारला नाहीं, आणि नवऱ्यानें सरोवराची गोष्ट कबूल केली. हा उपचार तिनें स्वतःच स्वतःवर केला होता.

हाच समाज, हेंच शहर. पण खिडकी निराळी असली म्हणजे मन किती निराळें दिसतें, हें आल्फ्रेड आडलर यानें दाखविलें. १८७० सालीं व्हिएन्नाच्या उपनगरांत एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरीं जन्मलेला हा मुलगा मुडदुसानें लुळा होता. पांचव्या वर्षीं न्यूमोनियांतून कसाबसा वांचला. १८९८ सालीं त्यानें शिंपीकाम करणाऱ्यांच्या आरोग्यावर एक पुस्तिका लिहिली, आणि घरांतच रात्रंदिवस सुई चालविणाऱ्यांचे आजार त्यांच्या मजुरीशीं व खोल्यांशीं जोडले. त्याचा दवाखाना प्राटर या करमणुकीच्या बागेजवळ होता. तेथील कसरतपटू व खेळे त्याच्याकडे येत. दुर्बळ देहाची भरपाई म्हणून कमावलेलें बळ त्याला डोळ्यांसमोर दिसत होतें. १९०७ च्या त्याच्या ग्रंथांतून न्यूनगंडाच्या कल्पनेचा उगम झाला. स्त्रियांच्या असमाधानाविषयींहि त्याचें म्हणणें सरळ होतें: पुरुषाला वरचढ ठरविणाऱ्या समाजांत बाईनें बाईपणाविरुद्ध बंड केलें, तर त्याचें कारण शरीरांत कशाला शोधावें? १९११ मध्यें फ्रॉइड व आडलर वेगळे झाले. महायुद्धानंतर व्हिएन्नांत समाजवाद्यांची नगरसत्ता आली, तेव्हां आडलरच्या शिष्यांनीं शाळाशाळांतून बालमार्गदर्शनाचीं केंद्रें काढलीं. त्या पक्षाच्या अग्रभागीं ओटो बाऊअर होता. हा त्याच इडाचा सख्खा भाऊ. १९३४ सालीं हुकूमशाहीनें पक्षहि मोडला आणि केंद्रेंहि.

महायुद्धानें फ्रॉइडचाहि नकाशा बदलविला. १९१४ च्या ऑगस्टांत तो क्षणभर देशाभिमानानें भारावला होता. त्याचे मुलगे आघाडीवर गेले. पण थोड्याच दिवसांत हजारों शिपाई थरथरत, मुके होऊन, पाय लुळे पडून परत येऊं लागले. लक्षणें तींच, जीं पूर्वीं नाजूक मुलींचीं म्हणून हिणवलीं जात. आणि त्यांचीं स्वप्नें? स्वप्न म्हणजे इच्छापूर्ति, हा फ्रॉइडचा आवडता सिद्धांत. पण तोफेचा गोळा पुन्हां पुन्हां अंगावर यावा अशी इच्छा कोणाची असेल? लष्करी डॉक्टर या शिपायांना विजेचे झटके देऊन आघाडीवर परत पाठवीत होते. १९२० सालीं त्याची चौकशी झाली, तेव्हां फ्रॉइडनें तज्ज्ञ म्हणून लेखी अभिप्राय दिला. त्याच वर्षीं निघालेल्या पुस्तकांत त्यानें मृत्युप्रेरणेची कल्पना मांडली: जिवंत वस्तूंत परत जडाकडे जाण्याची एक ओढ असते. जानेवारींत त्याची मुलगी सोफी तापाच्या सांथींत वारली होती. पुस्तक त्याआधींच बरेंच झालें होतें, असें सांगण्याची त्यानें मुद्दाम काळजी घेतली. १९२३ मध्यें इदम्, अहम् आणि पराहम् अशी मनाची तिहेरी वांटणी आली. वाफेच्या यंत्राच्या जागीं आतां तीन धन्यांच्या तावडींत सांपडलेला एक दुबळा कारभारी बसला.

सिद्धांताला पहिले महत्त्वाचे आक्षेप ज्यांनीं घेतले, त्यांत परके फार नव्हते. फ्रॉइडची रीत पत्करूनच त्यांनीं तिच्या कक्षेबाहेर पाहिलें. बर्लिनच्या डॉक्टर कॅरेन हॉर्नीबाईंनीं १९२२ पासूनच्या निबंधांतून असें दाखविलें कीं, स्त्रीमनाचें म्हणून जें वर्णन चाललें आहे, तें लहान मुलगे मुलींविषयीं जी समजूत करून घेतात तिच्याशीं हुबेहूब जुळतें. १९३२ सालीं त्या अमेरिकेस गेल्या. तेथील माणसांच्या चिंता बर्लिनमधल्या चिंतांहून निराळ्या आहेत, स्पर्धा आणि बेकारी यांनींहि माणूस आजारी पडतो, असें त्यांस आढळलें, आणि १९३७ च्या पुस्तकांत त्यांनीं तें निर्भीडपणें लिहिलें.

दुसरा आक्षेप कलकत्त्याहून आला. डॉ. गिरींद्रशेखर बसु यांनीं दमनाच्या कल्पनेवर कलकत्ता विद्यापीठाची डी. एस्‌सी. ही पदवी १९२१ सालीं मिळविली, फ्रॉइडशीं पत्रव्यवहार सुरू केला आणि १९२२ मध्यें भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. फ्रॉइडला पाहिलेला नसतांना कल्पनेनें काढलेलें त्याचें चित्रहि त्यांनीं पाठविलें. त्यांत आपण अगदीं इंग्रज दिसतों, अशी फ्रॉइडनें एका स्नेहिणीजवळ थट्टा केली. पण बसूंच्या पत्रांतला मुद्दा थट्टेचा नव्हता. बापाकडून होणाऱ्या छेदनाची भीति हा फ्रॉइडच्या मतें पुरुषाच्या व्यक्तिमत्त्वाचा मूळ आधार. बसूंचें म्हणणें असें कीं, युरोपियन रोग्यांत ती भीति आढळत असेल. भारतीय पुरुषांत मात्र आपण स्त्री असावें ही विरुद्ध इच्छा अधिक सहज हातीं लागते, आणि भीतीचें बळ त्या इच्छेंतूनच येतें. फ्रॉइडनें १९२९ सालीं उत्तर धाडलें; हा फरक लक्षांत घेण्याजोगा आहे आणि आपण त्याकडे लक्ष ठेवूं, असें त्यांत होतें. १९३१ मध्यें त्याच्या पंचाहत्तरीला कलकत्त्याच्या संस्थेनें हस्तिदंती विष्णुमूर्ति भेट पाठविली आणि ती त्याच्या लिहिण्याच्या मेजावर विराजमान झाली. १९३३ च्या नव्या व्याख्यानांत फ्रॉइडनें स्त्रीपुरुषांच्या मनाचा जो नकाशा दिला, तो मात्र जुनाच होता. पांच वर्षांनीं, नाझींनीं ऑस्ट्रिया घेतल्यावर, ब्याऐंशी वर्षांचा हा म्हातारा ४ जून १९३८ रोजीं व्हिएन्नांतून निघाला. मागें राहिलेल्या त्याच्या चार बहिणी नाझींच्या छळांत मृत्यु पावल्या. ती विष्णुमूर्ति त्याच्याबरोबर लंडनला आली, आणि जेथें २३ सप्टेंबर १९३९ रोजीं त्यानें देह ठेवला, त्या घरांत ती अजून आहे.